पेशकारसाहेबांची वरची अदालत

भांडावं कसं, हे साऱ्या मराठवाड्यात फक्त एका माणसाला कळत होतं, आणि तो माणूस स्वतः जन्मात कुणाशी भांडला नाही. बाकी आपण सगळे नुसतेच ओरडतो. त्यात मी तर पटाईत. राग नाकावर घेऊनच ही पोरगी जन्मली, असं आमची आई गावभर सांगायची. पण परभणीतल्या त्या गृहस्थांच्या ओसरीवर दोन-तीन वर्षं ये-जा केल्यावर मला एवढं उमगलं, की राग येणं निराळं आणि तक्रार करणं निराळं. राग कुणालाही येतो. तक्रारीला कागद लागतो, डावीकडे चार बोटं समास लागतो, आणि ती ऐकून घ्यायला पेशकारसाहेबांसारखा माणूस लागतो. असा माणूस पुन्हा काही मला भेटला नाही.

गोष्ट सत्तरच्या दशकाच्या अखेरची. मी नुकतीच एम. ए. होऊन परभणीच्या एका कॉलेजात लागले होते. गावातल्या दहा-बारा प्राध्यापकांनी मिळून एक संशोधन मंडळ काढलं होतं आणि मंडळाचं एक त्रैमासिक होतं. त्याचे वर्षाला चार अंक निघायचे, म्हणजे निघायला हवे होते. तीन निघाले की संपादक पेढे वाटायचे. मी मुद्रितं तपासायला जायची. लेख आला की तो आधी एका जाणकार परीक्षकाकडे जायचा, आणि परीक्षक कोण हे लेखकाला कळू द्यायचं नाही, असा नियम होता. परीक्षकानं लेख नाकारला की लेखक खवळायचा. आपल्या लेखातलं दुसऱ्यानं उचललं, आपलं नाव दुसऱ्याच्या खाली छापलं, आपल्या तळटिपा कापल्या, अशी पत्रांवर पत्रं यायची. संपादक मराठीचे प्राध्यापक, स्वभावानं इतके मऊ की नापास पोराला पेपर परत देताना स्वतःच माफी मागायचे. तक्रारीचं पाकीट आलं की ते न फोडता गादीखाली सरकवायचे. दर तिमाहीला आमची गादी बोटभर वर येते, असं त्यांच्या पत्नी सांगायच्या.

संपादकांच्या भिंतीला भिंत लागून पेशकारसाहेबांचं घर. निजामाच्या राजवटीत ते अदालतीत पेशकार होते, म्हणजे हाकिमापुढं प्रकरणांच्या मिसली मांडणारे कारकून. शिक्षण सगळं उर्दूतून, मराठी लिहायला शिकले ते चाळिशी उलटल्यावर. संशोधनाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. एकदा संपादकांच्या घरी मंडळाची बैठक चालू होती. एक शिलालेख आधी कुणी पाहिला यावरून दोन प्राध्यापकांची अशी जुंपली की एकाच्या हातात दुसऱ्याची गचांडी आली. नेमके तेव्हाच पेशकारसाहेब उसनी नेलेली शिडी परत द्यायला आले. त्यांनी शिडी भिंतीला लावली, टोपी सारखी केली, मधोमध बैठक मारली आणि सावकाश म्हणाले, "दोघांच्या बी अर्ज्या लेखी घ्या. आज फक्त तारीख पडंल, फैसला न्हाई." आवाजात काय जादू होती कोण जाणे, गचांडी सुटली आणि दोघेही मुकाट्यानं माझ्याकडे कागद मागायला लागले. त्याच संध्याकाळी संपादकांनी गादी उचलून सगळी पाकिटं साहेबांच्या पदरात घातली. तेव्हापासून त्रैमासिकाच्या सगळ्या तक्रारींचा निवाडा ते करायला लागले.

आता विद्येच्या क्षेत्रातला हा कारभार साहेबांनी चालवला तो अगदी जुन्या अदालतीच्या थाटात. त्यांना दुसरा थाट माहीतच नव्हता. प्रत्येक तक्रारीची मिसल, म्हणजे फाईल, बांधायची, तिला नंबर, लाल नाडा. तोंडी तक्रार म्हणाल तर कानावर घ्यायची नाही. कुणी ओसरीवर येऊन तावातावानं बोलायला लागला की साहेब डोळे मिटून बसायचे आणि तो थांबला की विचारायचे, "हे सगळं लिहून आणलंत का?" पेशीच्या, म्हणजे सुनावणीच्या, दिवशी ओसरीवर तक्रारदार एकटाच समोर बसलेला असला तरी, हे उठून दारात जायचे आणि रस्त्याकडे तोंड करून त्याचं नाव तीनदा पुकारायचे. समोरचा माणूस बापडा "आहे ना साहेब, हा काय मी" म्हणायचा. साहेब मागं वळून बघायचेसुद्धा नाहीत. तीन वेळा पुकारून झालं की आत यायचे आणि त्याला पहिल्यांदाच पाहिल्यासारखं करून म्हणायचे, "या, बसा." वनस्पतिशास्त्राच्या एका डॉक्टरेट घेतलेल्या गृहस्थांचं नाव असं भर रस्त्यात पुकारलं गेलं, तेव्हा समोरच्या पिठाच्या गिरणीतल्या बाया दळण सोडून बघायला आल्या होत्या. त्या गृहस्थांनी तक्रार तिथल्या तिथं मागं घेतली. साहेबांना वाटलं, दोन्ही पक्षांत तडजोड झाली.

परीक्षकाचं नाव फुटू नये म्हणून साहेबांनी स्वतःच्या अकलेनं एक तोड काढली होती. परीक्षकाचा अभिप्राय लेखकाला पाठवायचा तर अक्षर ओळखू येणार. म्हणून प्रत्येक अभिप्राय हे स्वतःच्या हातानं उतरवून काढायचे. अक्षर त्यांचं एकदम वेगळं, उजवीकडून डावीकडं झुकलेलं, उर्दूची सवय मोडली नव्हती ना. झालं काय, की सगळ्या जिल्ह्यातल्या नाकारलेल्या लेखकांना एकाच अक्षरातली पत्रं गेली, आणि आपल्या लेखाची चिरफाड करणारा तो एकच दुष्ट माणूस म्हणजे हे पेशकार, असं सगळ्यांनी धरून चाललं. बोरीच्या एका लेखकानं त्यांना शनिवार बाजारात भाजीच्या पिशवीसकट अडवून विचारलं, "संकरित ज्वारीतलं तुम्हाला काय कळतं हो? माझ्या आकडेवारीला तुम्ही भोंगळ म्हणता?" साहेबांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. मी शेजारीच उभी होते. मला राहवेना. म्हटलं, साहेब, एका शब्दानं तरी सांगायचं होतं की मी फक्त उतरवून काढतो. तर म्हणाले, "ताई, मी न्हाई म्हटलं की तो इचारणार, मग कोण? त्यापरीस माझ्या नावानं बोंब झालेली बरी." असली बोंब त्यांनी वर्षानुवर्षं अंगावर घेतली, आणि खरे परीक्षक त्यांच्यासमोरून हसत हसत जायचे.

पण साहेबांची खरी रीत याहून निराळी होती आणि लोक तिला जाम घाबरत. तक्रारदारानं आधी समोरच्याची बाजू मांडायची. स्वतःची नंतर. समोरच्याची बाजूही अशी मांडायची की साहेबांची खात्री पटली पाहिजे. "उलट्या बाजूनं बोला," एवढंच म्हणायचे आणि हाताची घडी घालून ऐकत बसायचे. इतिहासाचे एक प्राध्यापक परीक्षकावर दात-ओठ खात आले होते. त्यांना परीक्षकाच्या वतीनं बोलायला लावल्यावर सुरुवातीला अडखळले, मग हळूहळू रंगात आले, आणि अर्ध्या तासात त्यांनी स्वतःच्या लेखात परीक्षकालाही न दिसलेल्या चार चुका काढल्या. साहेब म्हणाले, "फैसला तुमीच केलात की." प्राध्यापक लेख घेऊन गेले आणि वर्षभरानं दुरुस्त करून घेऊन आले, तो छापला.

निकाल मान्य नसला तर मुराफा करायची सोय होती. मुराफा म्हणजे अपील. आता नियम असा, की ज्यानं निकाल दिला त्यानंच मुराफा ऐकायचा नाही. पण तक्रारींच्या कामाला माणूस तर एकच. संपादकांना विचारलं तर ते तीन दिवस आजारी पडले. मग साहेबांनी स्वतःचीच वाटणी केली. ओसरीवर बसायची ती खालची अदालत, मधल्या खोलीत बसायची ती वरची. खाली ते नेहमीच्या सदऱ्यात बसत. वर बसायचं झालं की ट्रंकेतून काळी शेरवानी काढत आणि गळ्यापर्यंत गुंड्या लावत. मग ओसरीवरच्या पेशकाराची त्यांना ओळखसुद्धा नसायची. "खालच्या अदालतीनं हा मुद्दा ध्यानात घेतलेला दिसत न्हाई," असं तोंड वाकडं करून म्हणत. एकदा मी प्रुफं द्यायला गेले तर साहेब ओसरीवर उदास बसलेले. विचारलं, काय झालं? तर म्हणाले, "वरून ताशेरे आलेत. मिसल पुरी न वाचता फैसला दिला म्हणून." ताशेरे त्यांनीच आदल्या दिवशी लिहिले होते. मला हसू आवरेना, पण त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं. दोन दिवस नीट जेवले नाहीत, असं त्यांच्या बायकोनं सांगितलं.

हे सगळं मी मजेत बघत होते, मैत्रिणींना नकला करून दाखवत होते, तोवर माझ्यावरच पाळी आली.

आमचं गाव वालूर. आई दुसऱ्यांच्या शेतात रोजानं जायची. आमचा स्वतःचा जमिनीचा तुकडा दीड एकराचा. पण बी राखावं तर माझ्या आईनं. उभ्या पिकातून ती कणसं हेरायची, त्यांना चिंधी बांधून ठेवायची, काढणीनंतर ती चुलीच्या वर आढ्याला धुरात टांगायची, मग मळून राखेत आणि कडुनिंबाच्या पाल्यात घालून कणगीत भरायची आणि कणगीचं तोंड शेणामातीनं लिंपून टाकायची. बहात्तरच्या दुष्काळात आमची चूल दिवसाआड पेटायची, पण त्या कणगीला तिनं आम्हा पोरांना हात लावू दिला नाही. मी तिच्याशी भांडले, रडले, तरी नाही. पुढं पाऊस झाला आणि गावात कुणाकडं पेरायला बी नव्हतं, तेव्हा ज्या घरांनी आम्हाला कधी उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं त्या घरच्या बाया सूप घेऊन आमच्या दारात आल्या. आईनं प्रत्येकीला दिलं. मला तेव्हाही राग आला होता.

कॉलेजात मला शिकवलेले एक सर होते, मंडळात मोठे मानाचे. माझ्यावर त्यांचे उपकार होते, एम. ए.ची पुस्तकं त्यांनीच दिली होती. बी राखण्याच्या जुन्या पद्धतींवर लिहायचंय म्हणाले, तेव्हा मीच त्यांना वालूरला घेऊन गेले. दोन दिवस ते आईसमोर वही घेऊन बसले. सहा महिन्यांनी त्रैमासिकात त्यांचा लेख आला. प्रुफं तपासायला त्या वेळी मी नव्हते, तापानं पडून होते. छापलेला अंकच हातात पडला. सगळं आईचं. कणसाला चिंधी कुठल्या बाजूनं बांधायची ते धरून सगळं. आणि आईचं नाव कुठं? कुठंच नाही. 'प्रस्तुत लेखकाच्या प्रदीर्घ निरीक्षणातून' असं लिहिलं होतं. सर आमच्या घरी भाकरी खाऊन गेले होते हो.

मी तक्रार लिहिली. समास सोडला, कागद एकाच बाजूनं लिहिला. मागणी एकच होती, आईचं नाव छापा. साहेबांनी माझं नाव रस्त्याकडं तोंड करून तीनदा पुकारलं आणि म्हणाले, "उलट्या बाजूनं बोला." मला वाटलं, हे मला काय अवघड? मी सरांच्या वतीनं बोलले. म्हटलं, बी राखायची रीत काही एकट्या बाईची नसते, गावोगावच्या बायांना ती ठाऊक असते, जे सगळ्यांचं आहे त्याला एकीचं नाव कशाला? बोलता बोलता मला जोर चढला. वक्तृत्वस्पर्धेत बक्षिसं मिळवलेली मी, कुठं थांबावं ते कळलंच नाही. साहेबांनी चार दिवसांनी फैसला दिला. तक्रार नामंजूर. कारण तक्रारदार स्वतःच कबूल करते की ही माहिती गावोगावी सगळ्यांना आहे.

मी काय काय बोलले ते आता लिहीत नाही. तुमची ही रीत म्हणजे पोरखेळ आहे, तुमच्या नाड्या आणि तुमच्या मिसली चुलीत घाला, इथवर मजल गेली. साहेबांनी डोळे मिटून घेतले. मी थांबल्यावर म्हणाले, "हे सगळं लिहून आणा. आणि मुराफा करा, ताई. मुदत तीस दिवसांची हाय." मी घरी जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी मुराफा घेऊन गेले तर साहेब शेरवानी घालून, मे महिन्याच्या उकाड्यात घामानं निथळत, मधल्या खोलीत वाट बघत बसलेले. मी येणार हे त्यांना माहीत होतं. मिसल चाळून ते कडक आवाजात म्हणाले, "खालच्या अदालतीनं घाई केली. जिच्या नावाचा सवाल हाय, त्या बाईचा जबाबच घेतला न्हाई." मी म्हटलं, आईचा रोज बुडतो, ती परभणीला यायची नाही. "मग अदालत वालूरला जाईल," साहेब म्हणाले.

आणि गेली की अदालत. शेरवानी, टोपी, काखेत मिसल, एस. टी.च्या मागच्या सीटवर उडत उडत सेलूमार्गे वालूरला. आई नुकती शेतातून आली होती. काळ्या शेरवानीतला माणूस दारात बघून तिला वाटलं पोरीचं काही बरंवाईट झालं. मी समजावलं तेव्हा तिनं पोतं अंथरलं. साहेबांनी सरांचा लेख पहिल्या शब्दापासून तिला वाचून दाखवायला घेतला. आई मान डोलवत होती. "बराबर हाय. असंच करतेत. हे बी बराबर." मग एक वाक्य आलं. 'कणगीचे तोंड लिंपताना स्त्री कणगीकडे पाठ करून बसते व हात मागे नेऊन लिंपण करते. बीजास दृष्ट लागू नये यासाठीचा हा प्राचीन संकेत असावा.' आईनं तोंडाला पदर लावला. तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडायलीय. बघते तर हसतेय.

"काय झालं बाई?" साहेबांनी विचारलं.

"ते खोटं हाय, साहेब. म्या असंच सांगितलं व्हतं. लय पुसायले व्हते ते सर. अजून काय करता, अजून काय करता. सगळं सांगून झालं तरी उठंनात. मला भाकरी टाकायच्या व्हत्या. मग दिलं सांगून कायबाय."

मी कपाळावर हात मारला. ते वाक्य मी दहादा वाचलं होतं. सरांनी पदरचं घातलं असेल असं मला वाटलं होतं. आई असं काही करील हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. पण साहेबांचे डोळे चमकले. ते उठले आणि त्या उन्हात, शेरवानीत, वालूरच्या घराघरात फिरले. माळ्याच्या घरी, पाटलांच्या घरी, आमच्या आळीत. प्रत्येक बाईला एकच प्रश्न, तुमी पाठमोऱ्या बसून कणगी लिंपता का? बाया हसून हसून बेजार. एका म्हातारीनं करून बघितलं आणि ती उताणी पडली, तिला साहेबांनीच उठवलं. सगळे जबाब त्यांनी लिहून घेतले. एकही बाई पाठमोरी बसत नव्हती. साऱ्या गावात ही रीत एकाच ठिकाणी होती, आमच्या आईच्या डोक्यात, आणि तीही फक्त त्या एका दुपारी. मग ती सरांच्या वहीत आईकडून नाही तर दुसरीकडून कुठून जाणार?

परत येताना एस. टी.त मी हिशोब करत होते. पुरावा तर मिळाला, पण कसला? सर आता म्हणणार, जी बाई थापा मारते तिचं नाव छापायचं? आणि झालंही तसंच. पुढच्या पेशीला सर शब्दाला शब्द तेच म्हणाले. संपादक रुमालानं कपाळ टिपत म्हणाले, प्रकरण इथंच मिटवू या, त्या वाक्याची दुरुस्ती छापू आणि नावाचा विषय सोडू. आईचं नाव छापलं नाही तर नाही, पण आता ती खोटारडी ठरणार, आणि तिचं नाव त्या अदालतीपर्यंत मी आणलं होतं. मी न भांडता आपले कागद गोळा करायला लागले. जन्मात पहिल्यांदा.

साहेबांनी आम्हाला बाहेर जायला सांगितलं आणि सरांना एकट्याला आत ठेवलं. आत काय बोलणं झालं ते मला कधी कळलं नाही. मी पुष्कळदा विचारलं, साहेब म्हणायचे, मिसलीत नाही ते मला माहीत नाही. तासाभरानं सर बाहेर आले. चेहरा उतरलेला. माझ्यासमोर थांबले आणि खाली बघत म्हणाले, "रोजानं जाणाऱ्या बाईचं नाव लिहिलं तर लेख हलका दिसेल असं वाटलं गं मला. चुकलं." एवढंच बोलून चपला घालून गेले. माझा राग त्या दिवशी कुठं गेला कळलं नाही. दुरुस्तीचा मजकूर सरांनी स्वतःच लिहून दिला आणि त्याच्याखाली वरच्या अदालतीचा फैसला छापायलाही हरकत घेतली नाही.

तो अंक निघून किती वर्षं झाली. त्रैमासिक बंद पडलं. पेशकारसाहेब मुलीकडं नांदेडला गेले आणि तिथंच वारले. मला कळलं तेव्हा महिना उलटून गेला होता. पुढं मीही कमिट्यांवर बसले, लोकांच्या तक्रारी ऐकल्या, शक्य तितक्या नीट ऐकल्या. जे काही जमलं ते त्यांच्यामुळं जमलं, आणि हे त्यांना तोंडावर सांगायचं राहून गेलं याची चुटपूट आहे.

अंक हातात आला त्या रविवारी ते पुन्हा वालूरला आले होते. ज्या बाईचा फैसला आहे तिनं तो ऐकला पाहिजे, म्हणाले. आई पोत्यावर बसली. साहेब मात्र उभे राहिले आणि वाचायला लागले. 'या लेखातील सर्व माहिती श्रीमती गयाबाई भ्रतार किसन, राहणार वालूर, यांनी दिलेली आहे. त्यांचे नाव देण्याचे राहिले, ही लेखकाची चूक होय. कणगीकडे पाठ करून बसण्याची रीत खरी नाही. ते आपण गमतीने सांगितले, असे गयाबाईंनी विचारताक्षणी स्वतः होऊन कबूल केले. छापणाऱ्यांनी मात्र ते न तपासता छापले. या प्रकरणात पहिल्याच विचारणेला आपली चूक सांगणारी व्यक्ती ही एकच आढळली. सबब तिचा शब्द भरवशाचा मानण्यात येत आहे.'

मग साहेबांनी शाईची डबी काढली आणि मिसलीवर 'फैसला ऐकला व समजला' असं लिहून आईपुढं धरली. आईनं अंगठा शाईत बुडवला आणि तसाच वर धरून ती बसून राहिली. मी म्हटलं, आई, टेकव की. तिचं माझ्याकडं लक्षच नव्हतं.

"साहेब," ती म्हणाली, "दुष्काळात खडी फोडली तवा रोज अंगठा दिला. हिच्या बापानं जमीन इकली तवा दिला. हिच्या शाळेत दिला. पर म्या कशावर अंगठा द्यायलेय ते आजवर मला कुणी वाचून दाखवलं न्हाई."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग तो पुन्हा डोळ्याला लावला, अंक उघडला आणि पहिल्या शब्दापासून, सावकाश, परत वाचायला सुरुवात केली.